तिसरा बूट

ढमूच्या पायात एकच बूट आहे, हे आजींना कळलं ते लिफ्टच्या आरशात. आरशात एक आजी होत्या, एक बाबागाडी होती, गाडीत मांडीवर पावाची पिशवी घेऊन बसलेलं गुटगुटीत नातवंड होतं, आणि त्या नातवंडाच्या डाव्या पायाची पाचही बोटं हवेत मजेत नाचत होती. उजव्या पायात मात्र लाल बूट, त्यावर पांढरी चांदणी, सकाळी आईने घालून दिला तसाच्या तसा.

"अरे राजा, दुसरा कुठाय?" आजींनी विचारलं.

ढमूने आरशातल्या ढमूकडे बघून टाळी वाजवली.

लिफ्ट त्यांच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं. आजी बाहेर न पडताच पुन्हा खालचं बटण दाबून मोकळ्या झाल्या. असं एका बुटाने घरात शिरण्यात अर्थ नव्हता. कारण आज परीक्षा होती.

ही परीक्षा आजींनी स्वतःच ओढवून घेतली होती. सोमवारपासून सूनबाई पुन्हा कामावर जाणार होती. ढमूला सांभाळायला म्हणून आजी घरदार बंद करून, शेजारणीकडे कुंड्यांची सोय लावून इतक्या लांब आल्या होत्या. आणि आता मुलगा म्हणत होता, ढमूला पाळणाघरात घालू.

"पोर पाळणाघरात, मग मी कशाला आलेय?"

"तू आराम कर."

"आराम करायला मला तिकडे घर नव्हतं का?"

"आई, दिवसभर त्याला घरात कोंडून कसं चालेल? त्याला बाहेर न्यावं लागतं. आणि तू बाहेर एकटी नको जाऊस. भाषा येत नाही, रस्ते माहीत नाहीत. इथलं तुला काही कळत नाही. त्यातून तुला कुणाला नाही म्हणता येत नाही."

शेवटचा मुद्दा खरा होता. मुलाने आजींना इथल्या भाषेतले दोन शब्द शिकवले होते, एक नमस्काराचा आणि एक आभाराचा. 'नको' शिकवायचं राहून गेलं होतं.

मधे पडली ती सूनबाई. पाळणाघराचा विषय निघाला की ती उगीचच ढमूच्या कपड्यांच्या पुन्हा पुन्हा घड्या घालत बसायची. ती म्हणाली, "एकदा जाऊन तर येऊ देत आईंना. पाव आणायचा, बागेला फेरी मारायची, घरी यायचं. रोज माझ्याबरोबर तेच तर करतात. मी मुद्दाम दिवसभर ऑफिसात जाऊन बसते. सगळं नीट झालं, तर सोमवारपासून आई आणि ढमू."

"आणि नाही झालं तर?" मुलाने विचारलं.

यावर दोघी बायका एकदमच "चहा ठेवते" म्हणाल्या.

तर अशी परीक्षा, आणि अशात बूट गेला. आजींनी गाडी पुन्हा रस्त्याला लावली. खरं सांगायचं तर या फिरण्यावर त्यांचा जीव जडला होता. इथे सिग्नलचा खांब टिकटिक करायचा, आणि रस्ता ओलांडायची वेळ झाली की ती टिकटिक अशी घाईला यायची, की घरातलंच कुणी चपला घालून दारात उभं आहे असं वाटावं. बेकरीच्या दाराशी बांधलेलं कुत्रं मालकीण बाहेर आली की ती परदेशाहून परतल्यासारखं नाचायचं. बागेतल्या खडीवर गाडीची चाकं कुरकुर वाजायची आणि त्या तालावर ढमूचे डोळे मिटायचे. आणि बाकावरचे ते टोपीवाले आजोबा. आजी दिसल्या की ते टोपी उचलायचे. पहिल्या दिवशी आजींना वाटलं, यांचं डोकं खाजतंय. तो नमस्कार आहे असं सूनबाईने सांगितल्यावर त्या घरी येऊन आरशासमोर जरा वेळ उभ्या राहिल्या होत्या. आपल्याला उद्देशून कुणी टोपी उचलण्याचा त्यांच्या आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग होता.

काही गोष्टी मात्र त्यांच्या डोक्यावरून जायच्या. बागेच्या लोखंडी कुंपणाच्या टोकांवर कधी एकच हातमोजा अडकवलेला असायचा, कधी एखादी कानटोपी. लोक इथे कपडे वाळत घालतात, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. एकाच हाताचा मोजा का वाळवतात, असं कुणाला विचारणं त्यांना बरं वाटेना. असेल एखाद्याची तऱ्हा.

त्याच कुंपणावर आज लाल बूट होता.

टोकावर अगदी नीट बसवलेला, पांढरी चांदणी समोर. आजी बघतच राहिल्या. म्हणजे हे वाळवणाचं प्रकरण नव्हतं तर. कुणीतरी बूट उचलला होता, झटकला होता आणि ज्याचा आहे त्याला दिसावा म्हणून डोळ्यांच्या उंचीवर ठेवून दिला होता. ना नाव, ना गाव. आजींचे डोळे एकदम भरूनच आले. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. आभार मानायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी कुंपणालाच तो शिकवलेला शब्द म्हटला आणि बूट ढमूच्या पायात चढवला. ढमू पाय वाकडा करकरून त्याच्याकडे बघत राहिला.

"बघतोस काय? तुझाच आहे," आजी म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी हात धुतले, ढमूला सतरंजीवर ठेवलं आणि पाव डब्यात टाकायला पिशवी उपडी केली. पाव पडला. त्याच्यामागून लाल बूट पडला.

आजींनी ओट्यावरच्या बुटाकडे पाहिलं. मग सतरंजीवरच्या ढमूकडे पाहिलं. ढमूच्या दोन्ही पायांत बूट होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चष्म्याने काही फरक पडला नाही. बूट तीनच राहिले.

त्या खाली बसल्या आणि तिन्ही बूट ओळीने मांडले. एक डावा, दोन उजवे. तरीच पोर पाय वाकडा करत होतं. त्याने आपला बूट काढून मुकाट्याने पावाच्या पिशवीत ठेवला होता, आणि आपण त्याच्या डाव्या पायात कुणाचा तरी उजवा बूट घालून त्याला गावभर फिरवून आणलं.

"बाई गं," आजी म्हणाल्या. "आपण चोरी केली."

ढमू हसला. त्याला नुकतेच फुटलेले दोन दात होते, ते दोन्ही त्याने दाखवले.

आता त्यांच्या डोळ्यांसमोर नको नको ते येऊ लागलं. कुठेतरी एक पोर एका बुटाने बसलंय. त्याची आजी घरात बोलणी खातेय. त्या आजीला कुणीतरी सांगितलं, अहो, कुंपणावर आहे. ती बिचारी गुडघे धरत कुंपणापाशी आली आणि कुंपण रिकामं. त्या दुसऱ्या आजीचा चेहरा आजींना इतका स्वच्छ दिसला, की त्यांनी चहासुद्धा ठेवला नाही. बूट पदराखाली घेतला, ढमूला गाडीत घातलं आणि पुन्हा निघाल्या. मुलगा यायच्या आत बूट होता तिथे जायला हवा होता.

काम सोपं होतं. कुंपणापाशी जायचं, बूट टोकावर बसवायचा, यायचं. त्यांनी बूट बसवला, चांदणी समोर येईल असा फिरवला आणि समाधानाने चालू लागल्या. मागून खडीवर पावलं वाजली. टोपीवाले आजोबा एका हातात टोपी आणि दुसऱ्या हातात लाल बूट घेऊन धापा टाकत येत होते. त्यांनी बूट दाखवला, ढमूच्या पायाकडे बोट केलं आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं. बहुधा, "बाई, पोराचा बूट पडला की."

"अहो, नाही हो, त्याचे दोन्ही आहेत, हे बघा," आजी मराठीत म्हणाल्या.

पण दाखवायला जावं तर ढमूचा एक पाय पांघरुणाखाली होता आणि तो बाहेर काढू द्यायला ढमू तयार नव्हता. आजोबांनी बूट आजींच्या हातात ठेवला आणि टोपी उचलली. माणूस एवढा धावत आलेला. काहीतरी बोलणं भाग होतं. आजींना दोन शब्द येत होते. नमस्काराची ही वेळ नव्हती. त्यांनी आभार मानले.

दुसऱ्या खेपेला त्या बागेच्या पलीकडच्या बाजूला गेल्या. तिथे टोपीवाले नव्हते. बूट बसवून त्या वळतात तोच, कानात वायर घालून पळणारी एक मुलगी थबकली. तिने बूट पाहिला, गाडीतला ढमू पाहिला, लाल रंग जुळवला, आणि दोन उड्यांत आजींना गाठलं. ढमूच्या गालाला बोट लावलं, बूट मांडीवर टाकला आणि आजींनी तोंड उघडायच्या आत ती वळणापार झालीसुद्धा. आजींनी तिच्या पाठीकडे बघून पुन्हा आभार मानले. आज दिवसभरात त्यांनी इतके आभार मानले होते, की तो शब्द आता त्यांना अस्खलित यायला लागला होता.

मग त्यांनी बाकावर बसून नीट विचार केला. घोटाळा कशामुळे होतोय? ढमूच्या पायात तसलेच बूट दिसतात म्हणून. मग उपाय उघड होता. त्यांनी ढमूचे दोन्ही बूट काढले आणि पर्समध्ये टाकले. आता जुळवायला काही नाही. आपल्या हुशारीवर खूश होऊन त्यांनी बेकरीसमोरच्या कुंपणावर तिसरा बूट अडकवला.

बेकरीचं दार धाडकन उघडलं. बेकरीवाली बाई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. तिने कुंपणावरचा बूट पाहिला, अनवाणी ढमू पाहिला, मग आजींकडे पाहिलं. ती नजर समजायला भाषा लागत नव्हती. थंडीत लेकराला असं कुणी आणतं का?

"त्याचे आहेत हो बूट. माझ्याकडे आहेत. हा त्याचा नाही," आजी म्हणाल्या आणि दोन्ही हात जोराजोरात हलवले. बेकरीवालीचा समज झाला की बाई थंडीने कुडकुडतायत. तिने आजींना धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि काउंटरखालून एक खोकं काढलं. त्यात दुकानात लोक विसरून गेलेल्या वस्तू होत्या. बेकरीवाली एकेक मोजा, एकेक टोपी वर काढून आजींसमोर धरत होती, तुमचं आहे का हे, तुमचं आहे का ते, आणि आजी प्रत्येक वेळी मान हलवत होत्या. इथे मान कशी हलवली की 'हो' होतं आणि कशी हलवली की 'नाही', याची त्यांना आता खात्री उरली नव्हती. शेवटी बेकरीवालीने खोक्यातले निळे लोकरी मोजे स्वतःच ढमूच्या पायांत चढवले, बाहेर जाऊन कुंपणावरचा बूट आणला आणि मोज्यावर घालून घट्ट बंद लावला. ढमूने टाळी वाजवली.

आजींनी आभार मानले.

मघाशी निदान नुसता बूट चोरीचा होता. आता मोजेही आले.

ऊन उतरायला लागलं तशा आजी इरेला पेटल्या. त्या बागेच्या पार मागच्या बाजूला गेल्या, जिथे झुडपं दाट होती. टोपीवाले नाहीत ना, पळणारी नाही ना, बेकरी दिसत नाही ना, हे पाहून घेतलं. मग ढमूच्या पायातला बूट काढला, झटकला, कुंपणावर बसवला आणि गाडी घेऊन चक्क पळत सुटल्या. लग्नानंतर त्या प्रथमच पळत होत्या. वाऱ्याने पदर उडत होता, ढमू खिदळत होता, आणि मागून कुणीही आलं नाही. कोपऱ्यावर थांबून त्यांनी श्वास घेतला आणि हसू फुटलं ते आवरेना. खांब टिकटिकत होता, चला चला म्हणत होता.

घरी येऊन त्यांनी ढमूला त्याचे स्वतःचे बूट घातले, डाव्यात डावा, उजव्यात उजवा. मोजे तेवढे सोफ्याच्या उशीखाली सरकवले. सूनबाई आली तेव्हा चहा उकळत होता. तिने दारातूनच ढमूला उचललं, त्याच्या मानेत नाक खुपसलं आणि आजींकडे न बघता विचारलं, "कसं झालं?"

"झालं की," आजी म्हणाल्या. "छान झालं."

तेवढ्यात किल्लीचा आवाज आला आणि मुलगा आत आला. त्याने खिशात हात घातला आणि टेबलावर लाल बूट ठेवला.

"बागेमागच्या कुंपणावर होता. बरं झालं, मी बसमधून उतरून तिकडून आलो," तो म्हणाला. "आई, मी काय म्हणत होतो? एक बूट पडतो आणि तुला कळतही नाही. उद्या पोरगं पडलं म्हणजे?"

सूनबाईने मांडीवरच्या ढमूकडे पाहिलं. ढमूने एक पाय वर केला, त्यात बूट होता. मग दुसरा वर केला, त्यातही बूट होता.

"हा कुणाचा आणलास?" सूनबाईने नवऱ्याला विचारलं.

"म्हणजे? ढमूचा."

"ढमूला पाय किती?"

मुलाने मुलाचे पाय पाहिले. बराच वेळ पाहिले.

"पण सारखाच आहे," तो म्हणाला.

"मलाही सारखाच दिसला होता," आजी म्हणाल्या, आणि मग सगळं सांगणं भागच पडलं. पावाची पिशवी, टोपीवाले, पळणारी मुलगी, खोकं. सूनबाई आधी ओठ दाबून ऐकत होती, मग उशीत तोंड लपवायला गेली आणि उशीखालून निळे मोजे निघाले.

"आणि हे?"

"ते बेकरीचं प्रकरण आहे. उद्या देईन परत. पाव आणायला मला जायचंच आहे."

मुलगा अजून बुटाकडेच बघत होता. "अगं, कोपऱ्यावरच्या दुकानात सेल होता तेव्हाचे आहेत हे," सूनबाई डोळे पुसत म्हणाली. "अर्ध्या वस्तीतली पोरं हेच घालतात."

"मी ठेवून येतो. दोन मिनिटांचं काम," मुलगा उठला.

"थांब," आजींनी गॅस बंद केला. "एकटा नको जाऊस. तुला तिथलं काही कळत नाही."

ढमूला मागे ठेवणं शक्य नव्हतं. गाडी पाहिल्याबरोबर त्याने हात पसरले होते. तेव्हा सूनबाईला चहापाशी ठेवून तिघं निघाले, मुलाच्या हातात बूट आणि मुलाचा हात पाठीमागे. बागेमागच्या कुंपणापाशी एक तरुण बाई बाबागाडी घेऊन उभी होती. गाडीतल्या मुलीच्या एका पायात लाल बूट होता. शेजारी टोपीवाले आजोबा तिला हातवारे करून काहीतरी समजावत होते. त्यांनी मूठ वळून आपल्या डोक्यामागे धरली. तो आजींचा अंबाडा होता. मग त्यांनी गाडी ढकलत पळण्याची नक्कल केली. म्हणजे तेही त्यांनी पाहिलं होतं. एवढ्यात त्यांना आजी दिसल्या. त्यांनी आनंदाने बोट दाखवलं आणि टोपी उचलली.

"आई, तुला इथे लोक ओळखतात?" मुलाने हळूच विचारलं.

"ओळखतात म्हणजे काय, दुपारभर बरोबरच होतो."

आता बोलायची जबाबदारी मुलावर होती, कारण भाषा त्याला येत होती. त्याने सुरुवात केली. हा बूट त्याने घेतला होता, पण चोरला नव्हता. आधी त्याच्या आईने घेतला होता, पण तिनेही चोरला नव्हता. तिने ठेवला म्हणून त्याने घेतला. तरुण बाईच्या कपाळावर आठी पडत चालली होती. बूट अजून त्याच्या पाठीमागेच होता. आजींनी तो काढून घेतला, गाडीपाशी वाकल्या, मुलीचा उघडा पाय तळव्यात धरून जरा ऊब दिली आणि बूट चढवला. उजव्यात उजवा. मग त्या तरुण बाईकडे बघून त्यांनी आपला तो शब्द म्हटला. ती हसली आणि तोच शब्द तिने त्यांना म्हटला. बाकीचं कुणालाच समजून घ्यायचं राहिलं नाही.

जाता जाता तिने मुलाला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय?" आजींनी विचारलं.

"काही नाही. ती नवीनच राहायला आलीय इथे. कुणी ओळखीचं नाही तिच्या." तो जरा घुटमळला. "विचारतेय, तुमच्या आई रोज येतात का या वेळेला."

"मग काय सांगितलंस?"

"अजून काहीच नाही."

"सांग की काहीतरी. पोर ताटकळलंय."

मुलाने आईकडे पाहिलं. टोपीवाल्यांकडे पाहिलं. दोन गाड्या एकमेकींना टेकल्या होत्या आणि दोन्ही पोरं एकमेकांचे बूट निरखत होती, एखाद्या जाणकारासारखी. तो एक छोटंसं वाक्य बोलला. आजींना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण त्या तरुण बाईचा चेहरा कसा उजळला ते दिसलं.

"काय सांगितलंस रे?"

"येते म्हणालो."

"रोज?"

"सोमवारपासून रोज."

आजींनी मान खाली घालून ढमूचं पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं. परत येताना त्या म्हणाल्या, "तेवढं 'नको' काय म्हणतात ते शिकवून ठेव मला." मुलाने शिकवलं. त्यांनी दोन-तीनदा म्हणून पाहिलं.

"अवघड आहे रे. राहू दे."

सिग्नलपाशी मुलगा एकदम थांबला. "आई, ढमूचा बूट." गाडीतून एक पाय बाहेर आला होता आणि त्याची पाचही बोटं हवेत नाचत होती. मुलाने पिशवी झटकली, पांघरूण उलटं केलं, आपले खिसे चाचपले, आणि तो मागे पळायला निघाला.

"राहू दे रे," आजी म्हणाल्या. खांबाची टिकटिक घाईला आली होती. "चल, चहा निवतोय. अडकवला असेल कुणीतरी."